पावसाळ्याआधी संडासाचा कॉक बदलून घ्या

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर आई सहज बोलून गेली, "फ्लश गळत होता, बाबा गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद करून आले." आणि लगेच गाडी कैऱ्यांच्या भावावर. माझ्या डोक्यातून मात्र ती गच्चीची शिडी जाईना, म्हणून लिहायला बसले.

गेल्या महिन्यात आमचीही अशीच फजिती झाली. आई ज्याला "चाकांवरचा वन आरके" म्हणते ते मोटरहोम घेऊन आम्ही शेजारच्या युटा राज्यात मोआबला गेलो होतो, लाल दगडांच्या कमानी बघायला. रात्री उठले, तर पायाखाली गालिचा चपचपीत. पाणी येत होतं संडासामागून. या गाड्यांत आपल्यासारखी फ्लशची टाकी नसते. पायाने पेडल दाबलं की भांड्याच्या तळाची झडप उघडते आणि मागच्या प्लॅस्टिकच्या छोट्या वॉल्व्हमधून पाणी सुटतं. तो वॉल्व्हच तडकला होता.

चूक माझीच. आमच्या इथल्या, डेन्व्हरच्या थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून हिवाळ्याआधी प्रत्येक नळातून गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत पाइप न फोडणारं द्रव) बाहेर येईपर्यंत पंप चालवायचा असतो. मी ओटा, बेसिन, शॉवर सगळं केलं, पेडल दाबायचं तेवढं विसरले. आत राहिलेलं पाणी गोठलं, फुगलं आणि तडा गेला.

बरं, संडासाचं पाणी तेवढं बंद करावं तर तिथे कॉकच नाही! आपल्याकडे कमोडपाशी अँगल कॉक असतोच. आमच्या गाडीत तो मुळात दिलेलाच नव्हता. त्यामुळे अख्ख्या गाडीचं पाणी बंद. दोन दिवस चहाचं आधण ठेवायचं म्हटलं की एकाने पंप चालू करायचा आणि दुसऱ्याने संडासामागे टोप धरायचा. टोप कोणी धरला ते विचारू नका.

घरी आल्यावर वॉल्व्ह बदलला आणि त्याच्याकडे येणाऱ्या अर्धा इंची पाइपात एक पितळी कॉकही टाकला. दाबून बसवायचा असतो, आटे नाहीत की सोल्युशन नाही. पण भांडं आणि भिंत यांच्यात जेमतेम हात जातो. पोटावर आडवी पडून पाइप कापला, तो पहिल्यांदा तिरका कापला गेला आणि सांधा ठिबकायला लागला. मग कटर आणून काटकोनात कापला, टोकापासून इंचावर मार्करने खूण केली आणि खुणेपर्यंत आत रेटला. भांड्याकडची प्लॅस्टिकची चकी मात्र हातानेच आवळायची, पाना लावला की फुटते. बाबा, तिथे तुमची फार आठवण आली. पाना हातात आला की "अजून अर्धा आटा" दिल्याशिवाय तुमचं समाधान होत नाही. शेवटी सांध्याला टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर पंप चालू ठेवला. सकाळी कोरडा ठाक!

आता तुमचं. आपल्या संडासातला अँगल कॉक क्षारांनी कधीचा जाम झालाय, आणि पिळला तर मोडेल म्हणून कोणी हात लावत नाही. म्हणून दरवेळी शिडी. बाबांचा गुडघा तसा, आणि जूनमध्ये त्या शिडीला शेवाळ धरतं. प्लंबरला बोलवा, पितळीच कॉक आणायला सांगा, आणि टाकीचा कॉक बंद करायला त्यालाच वर पाठवा. नवा बसला की महिन्यातून एकदा उघडझाप करत जा, नाहीतर तोही जाम होईल. झाल्यावर फोटो टाका, नुसतं "झालं" म्हणू नका.

आणि आई, तो काम करत असताना बाबांना पान्यापासून लांब ठेव.

तुमची,
सोनू

ता. क. कैऱ्या शेवटी काय भावाने मिळाल्या?