लंडनच्या पाहुण्यांसाठी तक्त्यात न छापलेले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की लंडनमधल्या मराठी घरांत पाहुण्यांच्या याद्या येऊन पडू लागतात. बिग बेन, टॉवर ब्रिज, राजवाडा, ग्रीनिच, वस्तुसंग्रहालये आणि जमलेच तर एक दिवस ऑक्सफर्ड. प्रवास पुरवण्यांतल्या ‘तीन दिवसांत लंडन’ छापाच्या तक्त्यांवरून या याद्या होतात. तक्त्यांतली ठिकाणे चुकीची नसतात. पण कोणत्या वारी काय बंद असते, कुठल्या स्टेशनात जिना चढावा लागतो, कार्ड कधी टेकवायचे आणि कधी नाही, हे त्यांत कुठेच नसते, आणि पाहुण्यांची दमछाक नेमकी यातूनच होते. आपल्या पुरवणीने अशा तक्त्याबरोबर निदान बंद वार आणि लिफ्टची सोय एवढे तरी छापावे, ही विनंती. यजमानांसाठी आणि पाहुण्यांसाठी बाकीचे इथे लिहितो.

पहिल्या दिवशी शहर दाखवायच्या भरीस पडू नये. शहरात फिरायचे कसे ते शिकवावे. लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. नुकता उतरलेला माणूस पहाटे तीन-चारला टक्क जागा असतो आणि संध्याकाळी सातला जेवतानाच पेंगू लागतो. म्हणून नाटकाची महागडी तिकिटे पहिल्या दोन संध्याकाळची कधीच काढू नयेत. चौथ्या-पाचव्या दिवसाची काढावीत. त्या जागरणाचा उपयोगही करून घेता येतो. सकाळी सात वाजता वेस्टमिन्स्टर पुलावर जी शांतता मिळते, ती अकरा वाजता कोणत्याही पैशांत मिळत नाही.

मग कार्ड. ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत, आणि बसमध्ये कॉन्टॅक्टलेस (यंत्राला नुसते टेकवायचे) बँक कार्ड, फोन किंवा ऑयस्टर हे आधी पैसे भरून वापरायचे प्रवासाचे कार्ड चालते. बसमध्ये रोख पैसे 2014 पासून घेत नाहीत. भारतातून येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस, दोन्ही सुरू करून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर या सोयी सुरुवातीला बंद असतात, आणि ते नेमके स्टेशनच्या फाटकापाशी कळते. प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे. एकाच कार्डावर नवरा-बायको दोघांना फाटकातून जाता येत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच आहे. आत जाताना स्मार्ट घड्याळ टेकवले आणि बाहेर पडताना फोन टेकवला, तर दोन्हीमागे बँकेचे कार्ड एकच असले तरी यंत्राच्या लेखी ते दोन प्रवासी ठरतात. दोघांचाही प्रवास अर्धवट दिसतो आणि दोघांना कमाल भाडे लागते. दिवसभराच्या भाड्याला ठरावीक मर्यादा असते आणि ती गाठल्यावर पुढचा प्रवास फुकट पडतो. पण तेही वस्तू एकच वापरली तरच. तेव्हा सकाळी जे हातात घेतले तेच रात्रीपर्यंत वापरायचे, हे पाहुण्यांच्या गळी उतरवावे. ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा टेकवायचे. बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडे एकदाच लागते. नदीतल्या बोटीला हेच कार्ड चालते, पण तिचे भाडे त्या रोजच्या मर्यादेत धरत नाहीत. शक्य असेल तर सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतरच घराबाहेर पडावे. भाडेही कमी लागते आणि नोकरदारांच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांची चेंगराचेंगर होत नाही.

अकरा वर्षांखालची मुले मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये फुकट जातात. बसलाही त्यांना भाडे नाही. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी मात्र मुद्दाम ऑयस्टर कार्ड घ्यावे आणि ट्यूब स्टेशनातल्या कर्मचाऱ्याकडून त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून घ्यावी. चौदा दिवसांपर्यंत निम्मे भाडे पडते. बँकेच्या कार्डावर ही सवलत मिळत नाही. चार जणांच्या कुटुंबाला आठवडाभरात चांगला फरक पडतो, तरी फार थोडे लोक ती मागतात.

आई-वडील आले असतील तर सगळी आखणी गुडघ्यांवरून करावी. ट्यूबच्या कितीतरी जुन्या स्टेशनांत लिफ्ट नाही, किंवा लिफ्ट उतरवते तिथून फलाटापर्यंत पुन्हा पायऱ्या आहेत. कॉव्हेंट गार्डनला लिफ्ट आहे, पण तिथली रांग पाहून उत्साहाने गोल जिन्याने निघालेल्याला 193 पायऱ्या चढाव्या लागतात, आणि मध्ये बसायला जागा नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या स्टेशनांमध्ये जमिनीवरून जेमतेम अडीचशे मीटरचे अंतर आहे. तिथे ट्यूबने जाऊच नये. एलिझाबेथ लाइनच्या सर्व 41 स्टेशनांत रस्त्यापासून फलाटापर्यंत जिना न चढता जाता येते. ज्युबिली लाइनवर वेस्टमिन्स्टर ते स्ट्रॅटफर्ड या टप्प्यातही तशीच सोय आहे. हीथ्रोहून घरी आणतानाही एलिझाबेथ लाइनच बरी. पिकाडिली लाइन स्वस्त आहे, पण सामान घेऊन मध्य लंडन गाठायला जवळपास तास जातो.

थकलेल्या माणसांना शहर दाखवायला दुमजली बससारखे दुसरे वाहन नाही. ट्रॅफल्गार स्क्वेअरवरून 15 क्रमांकाची बस स्ट्रँड, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स करत टॉवर ऑफ लंडनपर्यंत नेते. बेकर स्ट्रीटवरून 74 क्रमांकाची बस मार्बल आर्च, हाइड पार्क कॉर्नर, नाइट्सब्रिज करत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या दाराशी सोडते. वरच्या मजल्यावर सगळ्यांत पुढची जागा मिळाली की पर्यटकांच्या महागड्या बसची गरज उरत नाही.

आता वार आणि वेळा. रविवारी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी आणि सेंट पॉल्स प्रार्थनेसाठी उघडी असतात, पर्यटकांसाठी नाही. रविवारीच मोठ्या दुकानांना कायद्याने सहा तासांहून अधिक उघडे राहता येत नाही, त्यामुळे सहाच्या पुढे खरेदी संपते. राजवाड्यासमोरचा पहारा सर्वसाधारणपणे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार या चारच दिवशी बदलतो, पाऊस नसेल तर. मंगळवारी जाऊन तासभर कठड्याला धरून उभे राहणाऱ्यांची कीव येते. त्या दिवशी हॉर्स गार्ड्सकडे जावे; तिथे घोडेस्वारांचा पहारा रोज अकराला आणि रविवारी दहाला बदलतो. 25 डिसेंबरला ट्यूबही नसते आणि बसही नसते, म्हणून त्या दिवशी उतरणारे स्वस्त तिकीट टॅक्सीच्या भाड्यात वसूल होते. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा उघड्यावरचे सगळे सकाळी पाहून दुपार संग्रहालयांत घालवावी. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, मग हाच क्रम उलटा करता येतो.

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट आणि साउथ केन्सिंग्टनची तिन्ही मोठी संग्रहालये फुकट आहेत. फुकट आहेत म्हणूनच ती एका दमात संपवू नयेत. दीड तास पाहून बाहेर पडावे, वाटल्यास परवा पुन्हा जावे. ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडे असते आणि तेव्हा गर्दीही ओसरलेली असते. शिवाय बाहेर हिंडताना स्वच्छतागृह शोधणे हा मोठा प्रश्न असतो, आणि त्यावर या फुकट संग्रहालयांसारखा उपाय नाही.

दोन गोष्टी पाहुणे हमखास विचारतात. वाघनखे कुठे आहेत? ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून जुलै 2024 मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आहेत. त्यांच्यासाठी लंडनमधला अर्धा दिवस खर्च करू नये. कोहिनूर मात्र टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे, 1937 साली घडवलेल्या राजमाता एलिझाबेथ यांच्या मुकुटात. दार उघडताच बाकी सगळे सोडून थेट ज्युवेल हाउस गाठावे. आत फोटो काढू देत नाहीत. आणखी एक सांगून ठेवावे: खरेदीवरचा व्हॅट विमानतळावर परत मिळायची सोय लंडनमध्ये 2021 च्या सुरुवातीपासून बंद झाली आहे. पावत्या जपून ठेवलेल्यांचा परतताना विरस होतो.

प्रवास विम्याशिवाय कोणीही येऊ नये, आणि त्यात आधीपासूनचे आजार लपवू नयेत. तातडीच्या कक्षातले उपचार पाहुण्यालाही मोफत मिळतात, पण रुग्णालयात दाखल केले की बिल सुरू होते, तेही सरकारी दराच्या दीडपट. प्रतिजैविके डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, म्हणून नेहमीची औषधे चिठ्ठीसकट आणावीत. रस्त्याच्या कडेला उभे राहून फोनमध्ये नकाशा पाहू नये. सायकलवरून येऊन फोन हिसकावणारे इथे सर्रास आहेत. भिंतीकडे सरकून, दोन्ही हातांत फोन धरून पाहावा.

आणि आता जो अर्धा दिवस कुठल्याच तक्त्यात नसतो, पण मराठी पाहुण्यांना सगळ्यांत आधी सुचवावासा वाटतो. बेकरलू लाइनवरच्या वॉरविक अ‍ॅव्हेन्यू स्टेशनला उतरावे. जवळच हाउली प्लेस या शांत गल्लीत दहा क्रमांकाच्या घरावर गोल फलक आहे: लोकमान्य टिळक 1918-19 मध्ये इथे राहिले. तिथून लिटल व्हेनिसचा कालवा गाठावा आणि पूर्वेकडे चालू लागावे. थोड्याच अंतरावर कालवा बोगद्यात शिरतो आणि काठची पायवाट संपते. इथे पुष्कळ जण वाट चुकली समजून मागे फिरतात. तसे न करता वरच्या रस्त्याने सरळ पुढे जावे, लिसन ग्रोव्हपाशी पायवाट पुन्हा सापडते. पुढे रीजंट्स पार्कच्या कडेने, प्राणिसंग्रहालयाच्या मधून वाट जाते. प्रिमरोझ हिलपाशी वर यावे. एव्हाना तीनेक किलोमीटर चाल होते. टेकडीवरून सगळे शहर फुकट दिसते. पलीकडे उतरले की किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाचे घर: 1921-22 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. आंबेडकर इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते 2015 मध्ये विकत घेऊन स्मारक केले. उघडण्याची वेळ आधी पाहून निघावे. परतायला चॉक फार्म स्टेशन पाच-सात मिनिटांवर आहे. हाउली प्लेसचे घर मात्र खासगी आहे. फलक पदपथावरून पाहावा, घंटा वाजवू नये.

आपला,
एक वाचक, लंडन