आव्याच्या तुरुंगातला जडसन : लेकीस पत्र

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तरुण संघात ब्रह्मदेशात तुरुंगवास भोगलेल्या ॲडोनिराम जडसन या अमेरिकन मिशनऱ्यावर बोलायचं म्हणून तू लिहिलेलं टिपण वाचलं. भाषा छान उतरली आहे. पण तुझा जडसन तुरुंगाच्या दारातून आत जाताच संत होतो आणि सतरा महिने संतच राहतो. त्या काळाबद्दल खात्रीनं जे कळतं, ते बहुतेक त्याच्या बायकोच्या, ॲनच्या, पत्रातून. सुटकेनंतर 1826 मध्ये तिनं आपल्या दिराला ते लांबलचक पत्र लिहिलं. बाकीचं त्याच कोठडीत असलेल्या हेन्री गाउजर या इंग्रज व्यापाऱ्यानं पुढं बऱ्याच वर्षांनी लिहून ठेवलं. दोघांच्याही लिखाणात प्रवचनं फारशी नाहीत. बेड्या आहेत, लाच आहे, भाताची भांडी आहेत. त्यांचा हिशेब नीट दिलास, तर 'त्याचा विश्वास अढळ होता' हे वाक्य तुला तीनदा लिहावं लागणार नाही.

आधी अटकेचं कारण दुरुस्त कर. ख्रिस्ताचं नाव घेतलं म्हणून राजानं पकडलं, असं तू लिहिलंयस, तसं नाही. मार्च 1824 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं ब्रह्मदेशाशी युद्ध पुकारलं आणि मे महिन्यात इंग्रजांनी रंगून घेतलं. जडसन दांपत्य त्याच वर्षी जानेवारीत राजधानीत, म्हणजे आव्याला, राहायला आलं होतं. ते अमेरिकन होते. पण बागीडॉ राजाच्या दरबारात गोरा, इंग्रजी बोलणारा माणूस म्हणजे इंग्रजच. तरीही सगळं अंगाशी आलं ते पैशामुळं. मिशनचा पैसा बंगालमध्ये यायचा. जडसन आणि त्याचा सहकारी मिशनरी डॉ. जोनाथन प्राइस आव्यात गाउजरकडून रोकड घेत आणि त्याला बंगालवरची चिठ्ठी देत. आपल्याकडच्या हुंडीसारखाच व्यवहार. गाउजरला पकडल्यावर त्याच्या वह्या तपासल्या, तर या दोघांना मोठ्या रकमा दिल्याची नोंद सापडली. ब्रह्मी अधिकाऱ्यांना हुंडीचा व्यवहार ठाऊक नव्हता. इंग्रज व्यापारी पाद्र्यांना पैसे देतो, म्हणजे ते हेर, असा सरळ अर्थ त्यांनी लावला. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर तो अर्थ वेडगळही वाटत नाही. हे सांगायला लाजू नकोस. श्रोत्यांत कोणीतरी विचारणारच की छळ धर्मासाठी होता की राजकारणासाठी.

8 जून 1824, जेवणाच्या वेळी माणसं आली. त्यांच्यातल्या एकाच्या तोंडावर गोंदणाचे ठिपके होते. तिथल्या तुरुंगाचे पहारेकरी आणि मारेकरी म्हणजे माफी मिळालेले गुन्हेगारच; चेहऱ्यावरची ती खूण जन्मभराची. जडसनला जमिनीवर पाडून बारीक दोरीनं दंड मागे आवळले. दोरी सैल करण्यासाठी ॲननं पैसे देऊ केले. मौंग इंग नावाचा ब्रह्मी ख्रिस्ती मागोमाग गेला, तर थोड्या अंतरावर त्याच्यासमोर पुन्हा पाडून दोरी आणखी घट्ट केली.

त्या संध्याकाळी ॲननं काय केलं, ते तुझ्या टिपणात नाही. घरावर पहारा बसला होता. तिनं आपली सगळी पत्रं, रोजनिशी, टिपणं नष्ट केली. इंग्लंडमध्ये ओळखी आहेत आणि देशातली प्रत्येक घडामोड आपण लिहून ठेवतो, हे उघड झालं असतं तर हेरगिरीचा आरोप आयता सिद्ध झाला असता. आणि नव्या कराराच्या ब्रह्मी भाषांतराचं हस्तलिखित तिनं चांदीबरोबर घराखाली पुरलं. 1823 मध्ये पुरं झालेलं हे काम. मत्तयाचं शुभवर्तमान तेवढं आधी छापलं गेलं होतं. दहा वर्षांची मेहनत मातीखाली गेली.

आता तुरुंग. नाव लेट-मा-यून. एकच मोठी खोली, खिडकी नाही, हवा यायची ती फळ्यांच्या फटींतून. सुरुवातीला पायांत बेड्यांच्या तीन जोड्या. रात्रीची व्यवस्था गाउजरनं तपशिलात लिहिली आहे, ती जशीच्या तशी सांग, रंगवू नकोस. छताला कप्प्यांवर एक लांब बांबू आडवा टांगलेला. तो खाली घेऊन सगळ्यांच्या बेड्यांमधून ओवायचा आणि दोन्ही टोकांना माणसं लावून वर ओढायचा. किती ओढायचा, तर पाय टांगलेले राहतील आणि खांदे तेवढे जमिनीला टेकतील इतका. सकाळी बांबू पुन्हा खाली. दुपारी तीनच्या सुमाराला मारेकरी आत येऊन, ज्याची पाळी असेल त्याला घेऊन जायचे. आधी कोणाला सांगायचे नाहीत. त्या वेळेला सगळी खोली गप्प व्हायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुरुंग जेवण देत नसे. ज्याचं बाहेर कोणी नाही, तो उपाशी. हे एवढं कळलं की ॲनची रोजची धावपळ समजते. तिची पहिली मोठी फेरी नगराच्या सुभेदाराकडे. त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यानं भाव सांगितला : दोनशे तिकल (तिथलं वजनाचं माप) चांदी, तलम कापडाचे दोन तागे आणि रुमालांचे दोन. पैसे तिच्याजवळ होते, कापड नव्हतं; ते सोडून चांदी घ्यायला तिनं त्याला राजी केलं. त्यावर आतल्या खोलीतून अंगणातल्या उघड्या पडवीत हलवलं. पुढं तिथं जडसनला बांबूची छोटी खोपही बांधू दिली. पण असा सौदा एकदा करून भागत नसे. पहारा बदलला, हुकूम आला, रणांगणावरून वाईट बातमी आली, की मागचे पैसे बुडाले आणि नवा भाव सुरू. सात महिने ती दरबारातल्या कोणा ना कोणाच्या दारात बसत होती. 26 जानेवारी 1825 ला तिला मुलगी झाली, मरिया. त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाळाला घेऊन पुन्हा तेच दार.

म्हशीच्या मांसाची गोष्ट तू गाळलीस ते एका अर्थी बरं केलंस, पण दोन ओळींत घे. अमेरिकेत न्यू इंग्लंडकडे खिम्याची गोड पोळी सणाला करतात. ॲननं म्हशीचं मांस आणि केळी वापरून तसलं काहीतरी जमवलं आणि पाठवलं. जडसनला ते पाहून रडू कोसळलं, खाववेना. त्यानं ते सोबत्याला देऊन टाकलं.

उशीची गोष्ट मात्र तू चुकीच्या क्रमानं सांगितली आहेस, आणि तरुण मुलं नेमकी तीच लक्षात ठेवतात. त्यानं तुरुंगात भाषांतर केलं नाही. करणं शक्यच नव्हतं. घडलं ते असं. पावसाळा लागला, पुरलेला कागद कुजणार हे उघड होतं. म्हणून ॲननं हस्तलिखित कापसात गुंडाळून त्याची उशी शिवली, वरून चटईचं वेष्टण. उशी मुद्दाम इतकी टणक आणि ओबडधोबड की कोणा पहारेकऱ्याला तिचा लोभ होऊ नये. जडसन तीच डोक्याखाली घेई. मार्च 1825 मध्ये सगळ्या गोऱ्या कैद्यांना अचानक आतल्या खोलीत कोंबून बेड्यांच्या पाच-पाच जोड्या घातल्या, तेव्हा सामानाबरोबर उशीही गेली. पण ती डोक्याला रुतते म्हणून ज्याच्या वाट्याला आली त्यानंच परत फेकली. 2 मे रोजी कैद्यांना आव्यातून हलवलं, तेव्हा दुसऱ्या एकानं वरची चटई काढून घेतली आणि कापसाचा गोळा टाकून दिला. मौंग इंगला तो सापडला. मालकाची आठवण म्हणून त्यानं घरी नेऊन ठेवला. आत काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. कित्येक महिन्यांनी उघडला तर पानं जशीच्या तशी. बघ, यात जडसनचा स्वतःचा हात किती थोडा आहे.

पाच बेड्यांचा तो महिना उन्हाळ्याचा होता आणि एका खोलीत शंभराहून जास्त माणसं. ॲन सुभेदाराकडे गेली तेव्हा तो म्हातारा तिच्यासमोर रडला. राणीच्या भावाकडून गोऱ्यांना गुपचूप मारण्याचा हुकूम मला तीनदा आला, मी तो पाळला नाही, असं त्यानं सांगितलं. तुझ्या नवऱ्याला मी मारणार नाही, पण आहे तिथून सोडवूही शकत नाही. तुझ्या टिपणात सगळे ब्रह्मी एकाच रंगाचे आहेत. हा माणूस त्यात घाल.

याच दिवसांत जडसनला ताप भरला. अंगणात एक सिंहाचा पिंजरा होता. राजाला भेट आलेल्या त्या सिंहाला इंग्रजांच्या निशाणावरच्या सिंहाचा अपशकुन मानून उपाशी मारलं होतं. ॲननं खटपट करून नवऱ्यासाठी तो रिकामा पिंजरा मिळवला. आतल्या खोलीपेक्षा तो कितीतरी बरा होता, एवढं म्हण आणि पुढं जा. या प्रसंगावर लोक सिंहांच्या गुहेतल्या दानिएलाचा दाखला हटकून जोडतात. तू जोडू नकोस.

2 मे. नकाशा दाखवणार असशील तर आवा म्हणजे आजचं इनवा. पुढं अमरापूर आणि त्यापलीकडं औंगपेनला. हा सगळा भाग मंडालेच्या आसपासचा. मंडाले म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर टिळकांचा तुरुंग येतो. पण ते शहर वसलं 1857 मध्ये, जडसनच्या वेळी ते नव्हतंच. भर दुपारी अनवाणी, डोक्यावर काही नाही, दोघा-दोघांना एका दोरीला बांधून तापल्या वाळूतून चालवलं. जडसन तापातून उठलेला. थोड्याच वेळात तळव्यांची सालटी निघाली. वाटेत नदी लागली. तिच्यात उडी टाकून सुटावं अशी तीव्र इच्छा त्याला झाली आणि हे पाप आहे, एवढ्याच विचारानं तो थांबला, असं ॲन लिहिते. त्याच्या विश्वासाबद्दल या सतरा महिन्यांतलं मला सर्वांत खरं वाटणारं वाक्य हेच आहे. त्यात शांती नाही, आनंद नाही, दर्शन नाही. फक्त एक गोष्ट करायची नाही, हे ठरलेलं होतं.

पुढं सोबतचा कैदी कॅप्टन लेयर्ड याच्या खांद्याचा आधार मैलभर मिळाला. मग त्यालाही झेपेना. तेवढ्यात गाउजरचा बंगाली नोकर मागून आला. त्यानं डोक्याचा फेटा सोडून उभा फाडला, अर्धा मालकाला दिला, अर्धा जडसनला पायांना गुंडाळायला. मग खांदा दिला आणि उरलेली वाट त्याला जवळजवळ उचलूनच नेलं. सोबतचा एक ग्रीक कैदी त्या दिवशी मेला.

औंगपेनल्याचा तुरुंग पडका होता, छप्परही नव्हतं. ॲन तीन महिन्यांची मरिया, सांभाळलेल्या दोन ब्रह्मी मुली आणि बंगाली स्वयंपाकी यांना घेऊन मागोमाग आली. जेलरच्या घरात धान्यानं अर्धी भरलेली खोली मिळाली. सहा महिने तीच. एका मुलीला देवी आल्या. तिच्यावरून ॲननं दुसरीला आणि मरियाला टोचलं, मग जेलरच्या आणि गावातल्या मुलांनाही. बाकीच्यांना सौम्य ताप येऊन गेला. मरियाला मात्र टोचणं लागलं नाही आणि खऱ्या देवी निघाल्या. मग ॲन स्वतः कोसळली, तिचं दूध आटलं. जेलरला भेटी देऊन जडसनला रोज थोडा वेळ बाहेर सोडवलं. बेड्यांसकट तो गावातल्या लेकुरवाळ्या बायकांच्या दारोदार बाळाला घेऊन फिरायचा. घरात सरपण, पाणी, दोघांचं जेवण, आजारपण, सगळं त्या स्वयंपाक्यावर. त्याच्यासारखे नोकर चुलीपलीकडच्या कामाला हात लावत नसत; तो आपली जातही विसरला, असं ॲननं कृतज्ञतेनं नोंदवलं आहे. आपल्या मंडळीत हे वाक्य वाच. हा स्वयंपाकी आणि फेटा फाडणारा नोकर तू एक केलेत. ते दोघे वेगळे.

सुटका झाली तीही गरजेपोटी. इंग्रजांशी तहाची बोलणी करायला दुभाषा हवा होता, म्हणून नोव्हेंबर 1825 मध्ये जडसनला बाहेर काढून छावणीत नेलं. 24 फेब्रुवारी 1826 ला यांदाबोचा तह झाला.

तुझं टिपण इथं 'हालेलूया' म्हणून थांबतं. थांबवू नकोस, कारण विश्वासाची खरी पडझड यानंतरची आहे. 24 ऑक्टोबर 1826 ला ॲन ब्रह्मदेशातल्याच ॲमहर्स्टला वारली. जडसन तेव्हा पुन्हा दुभाष्याच्या कामावर आव्याकडे होता. बरोबर सहा महिन्यांनी मरिया गेली. पुढची काही वर्षं त्यानं लोकांत मिसळणं कमी केलं, जंगलात झोपडी बांधली, स्वतःसाठी कबर खणून तिच्या काठावर बसू लागला. 1829 मध्ये, ॲनच्या स्मृतिदिनी, त्यानं लिहिलं की देव माझ्यासाठी महान अज्ञात आहे. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो, पण तो मला सापडत नाही. बेड्यांत असताना रोज काहीतरी करायचं होतं : भात, लाच, उशी, दूध. सुटल्यावर ते सगळं संपलं होतं आणि करवून घेणारीही गेली होती. माझं मत एवढंच. तुला वेगळं वाटलं तर वेगळं सांग. या काळातही भाषांतराचं काम त्यानं सोडलं नव्हतं. संपूर्ण ब्रह्मी बायबल 31 जानेवारी 1834 ला पुरं झालं आणि ब्रह्मदेशातल्या मंडळ्या आजही तेच वाचतात.

एक जोड आपल्या लोकांसाठी. 6 फेब्रुवारी 1812 ला अमेरिकेतल्या सेलमच्या चर्चमध्ये जडसनबरोबर ज्यांची दीक्षा झाली, त्यांत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट होते. 1813 मध्ये मुंबईत उतरून अमेरिकन मराठी मिशन सुरू करणारे हेच दोघे. यांदाबोच्या तहानंतर महिन्याभरातच, 20 मार्च 1826 ला, हॉल नाशिकजवळ पटकीनं गेला. त्या मिशनचा मराठी नवा करार त्याच वर्षी छापून झाला. हे सुरुवातीला सांग, म्हणजे ब्रह्मदेश कुठं, आपण कुठं, असं कोणी म्हणणार नाही.

वीस मिनिटांत सगळं बसणार नाही. दरबारातल्या खटपटी कमी कर, 2 मेचा दिवस कमी करू नकोस. तारखा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ने. बाबांनी सलाम सांगितलाय. रविवारी बोलून झालं की फोन कर.

तुझी,
आई