पंचवीस भागाकार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही पाहिली. ४,२९,४९,६७,२९७ ला ९७ पर्यंतच्या पंचवीसही मूळ संख्यांनी भागून शेवटी 'मूळ संख्या' असं लिहून तू मोकळी झालीस. भागाकार एकही चुकलेला नाही. उत्तर मात्र चुकलंय.

हिरमुसू नकोस, फर्मासारखा मोठा गणितज्ञही इथेच फसला. २ चा घात अधिक १, घातांक १, २, ४, ८, १६. करून बघ: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ. पुढचा घातांक ३२, म्हणजे तुझीच संख्या. तीही आणि त्यापुढच्याही मूळच असणार, असं त्याने १६४० साली पत्रातून कळवलं. सिद्धता हाती नाही हेही त्याने कबूल केलं होतं, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. १७३२ साली ऑयलर या गणितज्ञाने तुझी संख्या फोडली: ६४१ × ६७,००,४१७. ६५,५३७ नंतर या साच्यातली एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.

तुझ्या पद्धतीने वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंत जायचं तर साडेसहा हजारांवर भागाकार झाले असते. पण या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असतो, हेही ऑयलरनेच सिद्ध केलं. (का, ते समोरासमोर बसून सांगेन, पत्रात मावायचं नाही.) मग ६५, १२९, १९३ असं मोजत जा आणि त्यातल्या मूळ तेवढ्या ठेव: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला बाकी शून्य! तुझ्या पंचवीसांतली एकही लागू पडणं शक्यच नव्हतं.

६४१ चा भाग जातो हे तर भागाकार न करताही दिसतं. मला हाच भाग सगळ्यात आवडतो. ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. २ चा ३२ वा घात म्हणजे १६ गुणिले २ चा २८ वा घात. त्या १६ च्या जागी ६४१ वजा ६२५ लिही. ६४१ च्या तुकड्याला भाग जातोच. उरलं वजा ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. ६२५ हा ५ चा चौथा घात, दुसरा १२८ चा चौथा घात, गुणाकार ६४० चा चौथा घात. ६४० हा ६४१ ला एकच कमी, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची बाकी १. आधी वजा आहे, म्हणून उणे १. त्यात संख्येतला शेवटचा १ मिळव.

आता ६७,००,४१७ मूळ आहे का, ते तू ठरव. वर्गमूळ २,५८८ च्या जरासं पुढे. पहिल्या चार तर आधीच बाद झाल्यात, तेव्हा ६४१ पासून २,११३ पर्यंत सातच भागाकार उरतात. मी काल केले, पण सातव्यात दोनदा वेगळी बाकी आली. हातचा कुठेतरी विसरतेय.

तुझी,
आई