जेवून घे, बाळ

नगर

प्रिय बाळ,
प्रभूमध्ये सलाम.

रविवारी फोनवर म्हणालीस, "बाबा, आता माझ्याकडून प्रार्थना होत नाही," आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवलास. रागावून लिहीत नाही. जावईबापूंची तब्येत, किडनी कोणाची जुळणार, त्या विषयाला मी हातच लावणार नाही. एवढंच विचारतो, वेळेवर जेवतेस का?

आई सांगत होती, त्यांना पाणी मोजून प्यावं लागतं म्हणून तूही त्यांच्यासमोर पाणी पीत नाहीस. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार-चार तास बाहेरच्या बाकावर, वर रात्रपाळी. असं कसं निभेल? पेशंटच्या नातेवाइकांना तूच दटावतेस ना, आधी काहीतरी खाऊन या म्हणून?

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचं बघ. ईजबेल राणीच्या धाकाने रानात पळाला आणि झुडपाखाली बसून मरण मागू लागला. एवढा मोठा संदेष्टा! देवदूत आला, पण त्याने बोल लावला नाही, प्रार्थना कर असंही म्हटलं नाही. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खाऊन पुन्हा झोपला, तर देवदूत पुन्हा आला. ऊठ, खा, वाट लांब आहे. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालत होरेब डोंगरापर्यंत गेला. परमेश्वराशी त्याचं बोलणं झालं ते तिथे. झुडपाखाली आधी भाकर मिळाली.

उपदेश सुरू झाला, माफ कर. लहानपणी एका गुड फ्रायडेला तू हट्टाने उपास धरला होतास. चर्चमध्ये प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी शेवटच्यावरचा संदेश होईपर्यंत आजीच्या मांडीवर पार कोमेजून गेलीस, पण पाण्याचा थेंब घेतला नाहीस. घरी आल्यावर पिठलं-भाकरीवर तुटून पडलीस. आजी सगळ्या मंडळीत कौतुकाने सांगत फिरली. मलाही तेव्हा अभिमान वाटला होता. आता तोच हट्ट आठवला की छातीत धस्स होतं. मला जावईबापूंपेक्षा तुझीच काळजी वाटते, बाळ.

केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये गेलो होतो ते आठवतं? रमाबाईंनी तरुणपणीच दुष्काळात आई, वडील, बहीण गमावली. पुढे 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरी बाईंनी पवित्र शास्त्राचं भाषांतर खाली ठेवलं नाही. ते पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला गेल्या. त्या दिवसांत त्यांनाही घास गिळवत नसेल. पण कोणीतरी ताट वाढून समोर बसलं असेल, असं मला वाटतं.

प्रार्थना होत नसेल तर राहू दे. कफर्णहूमात चौघांनी पक्षघाती माणसाला खाटेसकट छपरातून खाली सोडलं, तेव्हा तो स्वतः एक शब्द बोलल्याचं लिहिलेलं नाही. त्यांचा विश्वास पाहून प्रभूने त्याला उठवलं. बुधवारच्या सभेत पाळकसाहेब तुम्हा दोघांची नावं घेतात. पहाटे आई घेते, मी घेतो. खाट आम्ही धरली आहे.

शनिवारच्या एसटीने आई येते आहे. बरोबर आत्याची जवसाची चटणी आहे. ती चार दिवस राहील, नको म्हणू नकोस. पाणी हवं तर स्वयंपाकघरात जाऊन पी, पण पी. मला फोन करायची गरज नाही. जेवण झालं की एक मिस्ड कॉल दे, म्हणजे मला कळेल.

तुझा,
बाबा