गरज नसताना विकलेलं ‘लिस्बन रेसिडेन्स पॅकेज’: पैसे आणि मूळ कागद परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
वाशी शाखा, नवी मुंबई

महोदय,

माझे वडील १९५३ साली फोंड्यात जन्मले, गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, हे आम्हाला आपल्याकडे येण्याआधीच ठाऊक होतं. गोव्यातल्या कितीतरी नातेवाइकांनी तो केलाय. आम्हाला फक्त कागदपत्रांच्या कामात मदत हवी होती.

आपल्या प्रतिनिधींनी मात्र ठासून सांगितलं, की आधी लिस्बनमध्ये ‘कायदेशीर रहिवास’ दाखवावा लागतो, नाहीतर फाइल हलतच नाही. त्यापोटी ३,८५,००० रुपये घेतलेत. बदल्यात मिळाला लिस्बनलगतच्या ओदिवेलाशमधल्या एका खोलीचा भाडेकरार (खोलीचा साधा फोटोही नाही) आणि माझ्या नावे एनआयएफ, म्हणजे तिथला कर क्रमांक. तो तर तिथे न राहणाऱ्यालाही मिळतो! भारतीय नागरिकाला तिथला रहिवासी व्हायचं तर आधी रेसिडेन्स व्हिसा काढावा लागतो आणि मग तिथल्या स्थलांतर खात्याकडून, एआयएमएकडून, परवाना घ्यावा लागतो. टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, मग भाडेकरार कितीही जाड असो. म्हणजे ज्या रहिवासाचे पैसे घेतलेत, तोही दिलेला नाही.

आणि आमच्या अर्जाला तो लागतच नाही. पोर्तुगीज नागरिकाच्या मुलाला तिथे राहण्याची अट नाही. आधी बाबांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवायचा, मग त्यांचं लग्न, मग माझा जन्म. वकीलपत्र दिलं की हे इथे बसून होतं. रहिवासाची अट आहे ती तिथे वर्षानुवर्षं राहून नागरिकत्व मागणाऱ्यांना. हा फरक आपल्या माणसांना माहीत नसेल तर त्यांनी हा धंदा करू नये, आणि माहीत असेल तर ही सरळ फसवणूक आहे.

खरं काम दुसरीकडेच होतं. फोंड्याच्या तेओरवर (जन्मनोंदीच्या उताऱ्यावर) आडनाव ‘पोरोबो’ आहे, ठाण्याच्या शाळेच्या दाखल्यावर ‘प्रभू’. आजोबांचं नावही दोन्हीकडे निराळं. ही नावं जुळवायची, प्रतिज्ञापत्रं करायची, अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून घ्यायचं, त्यासाठी आम्ही आपल्याकडे आलो होतो. पहिल्याच भेटीत आपल्या प्रतिनिधींनी दोन्ही आडनावांभोवती पेन्सिलने गोल काढले. ते गोल अजून तसेच आहेत. पुढे फाइलमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही. भाडेकराराच्या रंगीत प्रती मात्र भरपूर.

मला सर्वात जास्त चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपण होऊन घेतलं, की नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार भारताचं संपतं, हे बाबांना कुणी सांगितलंच नाही. मी विचारल्यावर उत्तर मिळालं, “दोन्ही पासपोर्ट ठेवा हो, कोण बघतंय?” सत्तरी उलटलेल्या, एकही मतदान न चुकवलेल्या माणसासमोर हे बोलणं! ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा) विषयसुद्धा मीच काढला.

माझी मागणी अशी, की पॅकेजची पूर्ण रक्कम परत करावी, माझ्या नावावरचा भाडेकरार रद्द केल्याचं लेखी द्यावं, आणि रहिवासाची अट कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमात आहे तेही लेखी कळवावं. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत हे झालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि पावत्या व व्हॉट्सॲपवरचे मेसेज माझ्याकडे जपून आहेत.

आपल्याकडे असलेला बाबांचा मूळ तेओर आणि लग्नाचा मूळ दाखला यांसाठी मात्र मी १५ दिवस थांबणार नाही. ते दोन्ही या आठवड्यातच हवेत. कुरिअरने पाठवू नये. मी स्वतः येऊन, सही करून ते घेऊन जाईन.

आपली ग्राहक,
नेरूळ, नवी मुंबई
(नाव व फाइल क्रमांक सोबतच्या पावतीवर आहेत.)