चिऊ, हाताला पट्टा बांधतेस का?

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

तुझ्या हाताला मुंग्या येतात हे मला मावशीकडून कळलं. रविवारी फोनवर एवढा वेळ बोललीस, बंगलोरचा पाऊस, ऑफिसातलं नवीन कॉफीचं मशीन, दादाच्या साखरपुड्याला रजा मिळेल की नाही, सगळं सांगितलंस आणि हे तेवढं नाही. मावशीलाही तू 'बाबांना बोलू नकोस' म्हणाली होतीस म्हणे, पण मावशीच्या पोटात कधी काही राहिलंय का. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला कळलं तर ती आज रात्रीच्या बसनेच निघेल.

रागावलेलो नाहीये. म्हणजे सकाळी होतो, आता नाही. आणि हे पत्र त्यासाठी नाहीच आहे, मी खरं तर तुला स्वीट होम थ्रीडी या घराचे प्लॅन काढायच्या सॉफ्टवेअरमधलं एक विचारायला बसलोय. हाताबद्दल एवढंच, की डॉक्टरांनी मनगटाला जो पट्टा दिलाय तो रात्री झोपताना बांधतेस का, की ड्रॉवरमध्ये पडलाय? बास. आता नाही विचारत.

तर आपल्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचं एकदाचं मार्गी लागतंय असं दिसतंय. तळमजल्याच्या काकांनी सही केली (का केली ते फोनवर सांगतो, लिहिण्यासारखं नाही). १९६१ ला पानशेत फुटल्यावर आजोबांना जी जागा मिळाली तिथे आता अकरा मजले होणार, आणि आपण सातव्यावर, दोन बेडरूम आणि एक ड्राय बाल्कनी. आजी असती तर म्हणाली असती, पुराला भ्यायचं म्हणून काय एवढं वर जायचं?

बिल्डरने प्लॅनची पीडीएफ दिलीये आणि सोबत एक गुळगुळीत ब्रोशर. सगळी सोसायटी ब्रोशरवर खूश. मी रिटायर झालो तरी ड्राफ्ट्समन, मी स्केल काढली. मास्टर बेडरूममध्ये जो पलंग दाखवलाय तो त्याच प्लॅनच्या मापाने मोजला तर जेमतेम साडेपाच फूट भरतो. गादी साडेसहा फुटांची असते! पलंग लहान काढायचा म्हणजे खोली मोठी दिसते, जुनी युक्ती आहे. दादा त्या पलंगावर झोपला तर पाय बाथरूममध्ये. मीटिंगमध्ये हे सांगितलं तर सगळे हसले आणि पुढच्या विषयावर गेले.

म्हणून तुझा जुना लॅपटॉप काढला, तोच, स्पेसबार अडकणारा. ऑटोकॅड त्याला आता झेपत नाही, तुझं स्टुडंट लायसन केव्हाच संपलं, आणि सबस्क्रिप्शन भरण्याएवढी माझी पेन्शन नाही. क्रॅक टाकणार नाही, त्यावरून आपलं एकदा झालंय, पुन्हा नको. मग तूच दिवाळीत टाकून ठेवलेलं स्वीट होम थ्रीडी उघडलं. फ्रान्समधल्या एका माणसाने केलंय, फुकट आहे, सोर्स कोडसकट. पहिल्यांदा मला ते निव्वळ खेळणं वाटलं, सोफा उचला, सोफा ठेवा. पण प्लॅनचं चित्र मागे टाकायची सोय झकास आहे. पीडीएफचा जेपीजी केला (दादाने करून दिला, तोंड वाकडं करत), तो आत घेतला की ते विचारतं, यातली तुम्हाला माहीत असलेली एक लांबी दाखवा. मी हॉलची लांब भिंत धरली, माप टाकलं, आणि सगळा प्लॅन स्केलमध्ये आला, आता त्यावरून भिंती गिरवायच्या. गिरवणं तर आमचा धंदाच, मी ट्रेसर म्हणूनच तर लागलो होतो. लोक इथे दरवाज्याची रुंदी धरतात आणि फसतात, एवढ्याशा मापात माऊस जरा सरकला तरी तोच फरक पुढे सगळ्या फ्लॅटमध्ये वाढत जातो. लांबात लांब भिंत धरावी. तुला कशाला सांगतोय म्हणा.

मापं प्लास्टर धरून आहेत की सोडून, हे बिल्डरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, काका टेन्शन नका घेऊ. समोरासमोरच्या भिंतींना बारा-बारा मिलिमीटर प्लास्टर म्हटलं तरी एक इंच गेला की नाही? आणि आजीचं शिसवी कपाट बेडरूमच्या त्या कोनाड्यात नेमकं एका इंचाने अडतंय. आई म्हणते कपाट देऊन टाकू. टाकेल ती?

ओट्याची उंची मी बत्तीस इंच धरलीये. सगळे चौतीस करतात पण आईची उंची बघ. चौतीसवर पोळ्या लाटताना तिचे खांदे वर चढतात, मावशीकडे लाटत होती तेव्हा मी नीट बघितलंय. खांदा चढला की कोपर बाहेर जातं, कोपर बाहेर गेलं की मनगट वाकतं. तुझ्या ऑफिसातल्या टेबलाची उंची किती आहे चिऊ? आणि खुर्ची वरखाली होते का? मोजून सांग. टेप आहे ना तुझ्याकडे, मी दिलेली.

बघ, आलोच परत तिथे.

मावशीला धड सांगता येईना की नक्की कुठल्या बोटांना मुंग्या येतात. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन, की करंगळीकडची? आपल्या डॉक्टरांना मी तुझं नाव न घेता विचारलं (त्यांना कळलं असणारच, बिल घेतलं नाही). ते म्हणाले अंगठ्याकडची असतील तर बहुधा मनगटात नस दबते, करंगळीकडची असतील तर कोपरात बघावं लागतं, आणि रात्री मुंग्यांनी जाग येत असेल तर पट्टा रात्रीच जास्त कामाचा, कारण झोपेत आपण मनगट मुडपून झोपतो. तू तर लहानपणापासून दोन्ही हात हनुवटीखाली मुडपूनच झोपतेस.

मी विचार करत होतो की आम्हाला हे का नाही झालं. आम्हीही दिवसाचे आठ-नऊ तास बोर्डवरच असायचो. पण ए-वन शीटवर लांब रेघ मारायची तर उभं राहायला लागायचं, हात खांद्यापासून फिरायचा, रॉटरिंगचं शाईचं पेन सरळ उभं धरायचं नाहीतर शाई फाटते. मग रेघ वाळेपर्यंत थांबायचं, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे, थांबायलाच लागायचं. चुकलं तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचं. ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट काढायला खाली जायचं, डोळे चुरचुरत वर यायचं, येताना चहा. तुझं सगळं अंग खुर्चीत आणि माऊस फिरतो दोन इंचात. स्केचअपमध्ये माऊसचं ते चाक दाबून धरून मॉडेल गरागरा फिरवत असतेस ना दिवसभर, दिवाळीत मी मागे उभा राहून बघत होतो, क्लायंटला डाव्या बाजूने कसं दिसेल, वरून कसं दिसेल. ते मधलं बोट सतत दाबलेलं.

१९९८ च्या आसपास आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, ऑटोकॅडचं आर फोर्टीन. सोबत सेकंडहँड पेन प्लॉटर. तो प्लॉटर पहिल्यांदा चालला तेव्हा सगळं ऑफिस कामं सोडून भोवती उभं होतं, तो स्वतःच पेन उचलायचा, ठेवायचा, दुसरा रंग घ्यायचा. आमचे हेड ड्राफ्ट्समन मात्र आपल्या जागेवरून उठले नाहीत. तुला त्यांचं कधी सांगितलं नाही मी. त्यांच्या हाताला तुझ्यासारख्याच मुंग्या यायच्या आणि ते कुणाला बोलायचे नाहीत, पोराची फी, बहिणीचं लग्न, तोंड उघडलं तर काम जाईल. वर्षानुवर्षं अंगावर काढलं. मग शर्टाचं वरचं बटण त्यांना लावता येईना, ते ते उघडंच ठेवायचे आणि आम्हाला वाटायचं उकडतंय. एका शाळेच्या इमारतीचं पूर्ण झालेलं ट्रेसिंग होतं, सह्यांना जायचं होतं, त्यावर त्यांच्या हातातून भरलेलं पेन सुटलं. अंगठ्याखालचा हाताचा उंचवटा पार बसला होता, मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्यानंतर ते साइटवर गेले, रेतीच्या गाड्या मोजायला. माझ्याकडे जो रॉटरिंगचा सेट आहे, ज्याला तुला हात लावू द्यायचो नाही, तो त्यांचा.

म्हणून मी असा. तुला घाबरवायला नाही सांगत. तुझं पहिल्या पायरीवर आहे, डॉक्टर म्हणाले वेळेवर काळजी घेतली तर बऱ्याच जणांचं पट्ट्यावर आणि कामाची पद्धत बदलल्यावर भागतं. पण बदलायला तर हवी ना.

तर ऐक. ऑटोकॅडमध्ये डावा हात कीबोर्डवरून हलवायचा नाही आणि स्पेसबार हाच एंटर, हे तुला येतंच. पण एल, एम, ओ, पी ही सगळी कामाची अक्षरं कीबोर्डच्या उजव्या बाजूला आहेत, म्हणजे माऊस सोडून उजवा हात तिकडे, परत माऊसवर, दिवसातून हजार वेळा. शॉर्टकटची ती पीजीपी फाइल उघड आणि लाइन, मूव्ह, ऑफसेट हे सगळं डाव्या हाताच्या अक्षरांवर आण. स्केचअपमध्येही शॉर्टकट आपल्याला हवे तसे ठेवता येतात. माप माऊसने जुळवत बसू नकोस, दिशा दाखव आणि आकडा टाइप कर. मॉडेल फिरवायला डाव्या हाताचा एक वेगळा नॉब मिळतो म्हणे, तो ऑफिसकडे माग, नाही दिला तर मी घेऊन देतो, पेन्शन तेवढी आहे. उभा माऊसही मिळतो, शेकहँड करतो तसा धरायचा. रेंडर लागलं की स्क्रीनकडे बघत बसू नकोस, ऊठ. आणि साहेबांना सांग. प्रोबेशन आहे मान्य आहे, पण डॉक्टरांची चिठ्ठी मेल कर, तोंडी नको, मेल. रात्री दोनला क्लायंटला तीन ऑप्शन कशाला लागतात मला कळत नाही, तीनही ऑप्शनमध्ये टीव्ही त्याच भिंतीवर असतो!

लेक्चर झालं. माफ कर. आई म्हणते तुम्ही प्रेमाने बोलायला लागलात तरी स्पेसिफिकेशन वाचल्यासारखं वाटतं.

तू बोर्डखाली बसून बटर पेपरच्या कापट्यांवर घरं काढायचीस, आठवतं का? माझी सॅनिटरीची स्टेन्सिल घेऊन. प्रत्येक खोलीत एक कमोड. हॉलमध्ये कमोड, स्वयंपाकघरात दोन. आत्या म्हणाली होती या पोरीला कॉर्पोरेशनात घ्या. त्यातला एक कागद माझ्याकडे अजून आहे, तुझ्या फर्स्ट इयरच्या शीट्सच्या नळकांड्यात. आणि गेल्या महिन्यात तू ते किचनचं ड्रॉइंग पाठवलंस ना, त्यात टाइल्सचे सांधे आणि प्लगचे बोर्ड एका रेषेत आणले होतेस, एकही बोर्ड सांध्यावर नाही. मी काही बोललो नाही तेव्हा, 'बरं आहे' म्हणालो. ते प्रिंट काढून आमच्या जुन्या ऑफिसातल्या दोघांना दाखवून आलोय. एकाने विचारलं कुणाकडे शिकली. मी म्हटलं कॉलेजात. मग म्हटलं, थोडं घरी.

नोकरी सुटली तरी चालेल चिऊ. हे मी म्हणतोय म्हणजे बघ. इथे ये, महिनाभर माऊसला हात लावू नकोस, आई खायला घालेल. नवीन फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत आपण भाड्याच्या घरात जाणार आहोत, तिथे एक छोटी खोली जास्तीची आहे, मी ती तुझी म्हणून धरून ठेवलीये, दादाला सांगू नकोस, त्याला तिथे सायकल ठेवायचीये.

आता ते विचारायचं राहिलंच. बाथरूमची एक भिंत डक्टमुळे तिरकी आहे, साधारण दहा अंशांत. मी ती गिरवायला गेलो की स्वीट होमची रेघ उडी मारून पंधरा अंशांवरच जाते, मधे थांबतच नाही, आणि वॉश बेसिन दरवाज्यात येतंय. काहीतरी बटण दाबून धरायचं असतं ना, तू दाखवलं होतंस, मी लिहून ठेवलं नाही. कुठलं ते सांग. पण टाइप करून पाठवू नकोस, व्हॉइस मेसेज कर. आणि फोन टेबलावर ठेवून बोल, हातात धरून नको.

तुझा,
बाबा