शेड कार्डवर सारखेच दिसणारे दोन राखाडी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत घर रंगवण्यावर लेख येतात ते मी आवर्जून वाचते, पण न्यूट्रल (राखाडी, बेज असे मवाळ) रंग घ्या म्हणजे चुकायची भीती नाही असं जे लिहिलेलं असतं ते मला अजिबात पटत नाही, उलट चूक तिथेच होते. लाल आणि निळा कुणालाही वेगळे कळतात हो, दोन राखाडी मात्र अख्खी खोली रंगवून झाल्यावर कळतात.

आम्ही बेडरूमसाठी शेरविन विल्यम्स ह्या रंगाच्या कंपनीच्या अ‍ॅग्रीएबल ग्रे आणि रिपोज ग्रे ह्या दोन शेड्समध्ये अडकलो होतो. रंग किती उजेड परत फेकतो त्याचा एक आकडा असतो, एलआरव्ही, काळ्याचा ० धरतात नि पांढऱ्याचा १००, तर ह्यातल्या पहिलीचा ६० आणि दुसरीचा ५८, म्हणजे उजेडात फरक जवळपास नाहीच, सगळा प्रश्न झाकेचा. शेड कार्डवरच्या बोटभर चौकोनात ती झाक दिसतच नाही. मग पुठ्ठ्याचे दोन मोठे तुकडे घेतले, दोन-दोन हात मारले, पूर्ण वाळू दिले (ओल्या रंगावर काही ठरवू नका, वाळल्यावर बदलतो) आणि शेजारी कोरा पांढरा कागद धरला, तेव्हा कुठे दिसलं की अ‍ॅग्रीएबल ग्रे जरा मातकट, उबदार आहे आणि रिपोज ग्रे थंड, किंचित जांभळट.

आमची खिडकी उत्तरेला, थेट ऊन नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड, त्यात दुपारी रिपोज ग्रे पार सिमेंटसारखा दिसायला लागला. तोच पुठ्ठा रात्री २७०० केल्विनच्या पिवळ्या बल्बखाली इतका छान दिसला की आम्ही परत डळमळलो, आणि ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली पुन्हा गार! पुठ्ठा जमिनीवर आडवा ठेवून बघू नका, भिंतीसारखा उभाच धरा, आणि कडेने पांढरी पट्टी सोडा, नाहीतर जुन्या भिंतीच्या रंगामुळे डोळा फसतो.

तीन दिवस ते पुठ्ठे दाराजवळ, कोपऱ्यात, पलंगामागे फिरवले आणि अ‍ॅग्रीएबल ग्रे घेतला. दक्षिणेच्या खिडकीत कदाचित उलटं ठरलं असतं. म्हणून विनंती आहे, पुढच्या वेळी खोलीचा फोटो छापाल तेव्हा खिडकी कुठल्या दिशेला आणि बल्ब कुठला तेही खाली छापा, लोक फोटो बघून डबे घेऊन येतात.

आपली,
एक नियमित वाचक